लाल-पिवळ्याच्या मधली रेघ

सर, माझ्या मुलीला ब्लड कॅन्सर झालाय. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की ‘राहून गेलं’ म्हणणंसुद्धा वेडेपणाचं आहे. पण गेले काही महिने कुणाशीही बोलताना मला सारखं वाटतं, हे बोलणं भलत्याच माणसाशी चाललंय. नवऱ्याशी बोलावं तर तो मान खाली घालतो. वडिलांशी बोलावं तर ते उपरण्यात तोंड लपवतात. इथल्या डॉक्टरांशी बोलावं तर त्यांच्यामागे माझ्यासारख्याच आयांची रांग उभी असते. तुम्ही असता तर एवढंच म्हणाला असता, ‘स्लाइड दाखव.’ आणि मी दाखवली असती. त्यानंतर काय व्हायचं ते झालं असतं, पण दाखवायला माणूस असतं. संभाजीनगरच्या या वॉर्डात आता दुपार आहे, सलाइन चालू आहे, लेक झोपलीय. तिच्या पायाशी बसून मी हे लिहितेय.

युसूफ वडगावहून मी बीडला तुमच्या लॅबमध्ये आले तेव्हा डिप्लोमा हातात होता, पण हातात बळ नव्हतं. वडील मेंढरं राखायचे, घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. तुमची लॅब फळबाजाराच्या मागच्या बोळात. पुढे तुमच्या भावांचे गाडे, त्यामुळे आत स्पिरिटच्या वासात कधी पेरू, कधी सीताफळ मिसळलेलं असायचं. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईच्या दंडाला पट्टा बांधून मी सुई आत घातली आणि शीर सापडेना म्हणून सुई इकडेतिकडे फिरवू लागले. तुम्ही मागून येऊन माझं मनगट धरलंत. रागावला नाहीत. म्हणालात, ‘बेटा, डोळ्यानं शोधू नको, डोळे फसवतात. बोटानं बघ. दाबली की दबती, सोडली की भरती, ती शीर. बोटाखाली उडायला लागली तर ती धमनी, तिच्या वाटंला जायचं न्हाई. धमनी दिलाकडून येती, तिला जोर असतो. शीर परत चाललेली असती, थकलेली. तिच्याशी नरमाईनं वागायचं.’ त्या बाईनं हसून विचारलं, ‘डॉक्टरसाब, माजी लईच थकली का ओ?’ आणि तुम्ही तिला चहा पाजलात.

माझी उंची कमी. मायक्रोस्कोपच्या भिंगाला डोळा लावायला मी दोन जाड पुस्तकं खुर्चीवर ठेवून बसायचे. एके दिवशी सकाळी आले तर टेबलापाशी नवं स्टूल. सुताराला तुम्ही हातानं उंची दाखवून करून घेतलं होतं. म्हणालात, ‘पुस्तकं बसायला नसतात.’ लग्न होऊन गेवराईला निघाले तेव्हा ते स्टूल तुम्ही टेम्पोत चढवायला लावलंत. सासरची माणसं बघतच राहिली. आज मी तिथल्या लॅबमध्ये काम करते, ते स्टूलही तिथंच आहे.

तुम्ही मला जोरात बोललात ते एकदाच. पाटोद्याकडची एक बाई पोराचं रक्त देऊन बाकावर बसली होती. सारखी विचारायची, ‘काय निगंल ओ ताई?’ मला तिची दया आली. म्हणाले, काही निघणार नाही, सगळं चांगलं आहे. तुम्ही आतून ऐकलंत. बाई गेल्यावर मला समोर उभं केलंत. ‘कावून सांगितलं? बघितलंस का तू? बघायच्या आधी दिलासा द्यायला आपण कोण? दिलासा खोटा निघाला की माणूस दोनदा मरतं. आपलं काम खरं सांगणं, तेबी बघून.’ त्या पोराचं रक्त खरंच चांगलं निघालं. मी मनात म्हटलं, बघा, उगीच बोलले. तेव्हा मला मूल नव्हतं.

आता ऐका. गणपतीच्या आधी पोरीला ताप यायला लागला. शाळेत लेझीम बसवत होते, म्हणून मांडीवरचे काळेनिळे डाग लेझमाचे असतील असं वाटलं. गावात डेंगूची साथ होती. मग एका सकाळी दात घासताना तिनं थुंकलं ते लाल. मी तिच्या जबड्याखाली, मानेला हात लावला तर गाठी. काखेतही. तशी गाठ ताप आला तरी येते, घसा दुखला तरी येते, हे मी शेकडो आयांना सांगितलंय. तिला तशीच लॅबमध्ये नेली. ती लहानपणापासून माझ्याकडूनच रक्त काढून घेते, तिला भीती नाही. ‘मम्मी, माझी शीर लई भारीय ना?’ असं म्हणून हात पुढे केला. शीर खरंच चांगली होती, बोटाखाली भरलेली.

थोडं रक्त ईएसआरच्या, म्हणजे लाल पेशी किती वेगानं खाली बसतात ते मोजायच्या, नळीत भरून स्टँडवर उभं करून ठेवलं आणि मी दुसऱ्या कामाला लागले. परत आले तेव्हा लाल पेशी खाली बसल्या होत्या. तुम्हीच अशी नळी उजेडात धरून मला पहिल्यांदा दाखवली होती. खाली लाल, त्या श्वास वाहणाऱ्या. वर पिवळं पाणी, त्यात खाणंपिणं, मीठ, साखर, सगळं विरघळलेलं. आणि दोन्हींच्या मधे सायीसारखी पांढरट रेघ, दिसेल न दिसेल इतकी पातळ. ‘या रेघेत आपली फौज बसलेली असती,’ तुम्ही म्हणाला होतात. ‘पांढऱ्या पेशी लढणाऱ्या, बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, जखम बुजवणाऱ्या.’ माझ्या लेकीच्या नळीत ती रेघ पातळ नव्हती. बोटाच्या पेरभर जाड होती. लांबूनही दिसत होती. फौज एवढी वाढली होती आणि पोरीच्या हिरड्यातून रक्त थांबत नव्हतं.

स्लाइड मीच रंगवली. तेलाचा थेंब टाकला. तुमच्या स्टुलावर बसले आणि डोळा लावला. तुम्ही सांगायचात की चांगल्या रक्तात पांढऱ्या पेशी जत्रेसारख्या असतात, हर तऱ्हेचं माणूस. इथं जत्रा नव्हती. एकाच चेहऱ्याच्या पेशी, मोठ्या, गोल, आत नुसतं केंद्रक फुगलेलं. कच्च्या पेशी. स्लाइड सरकवली तर पुढेही त्याच. बिंबिका शोधत गेले, एखादी सुटी सापडायची, बस. मी उठून स्लाइडवरचा नंबर पुन्हा वाचला. नळीवरचा वाचला. दुसऱ्या कुणाची असावी म्हणून देवाला काय काय कबूल केलं, ते इथं लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुणाची म्हणजे दुसऱ्या कुणाच्या लेकराची.

आमच्या लॅबचे डॉक्टर रोज नसतात. मोबाइलवर फोटो काढून पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. ‘कच्च्या पेशी आहेत. आजच मोठ्या दवाखान्यात पाठवा. पेशंट कोण आहे?’ मी म्हटलं, ‘माझी मुलगी.’ बाहेर बाकावर लेक पाय हलवत बिस्किट खात होती.

नवऱ्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज हायवेलगत आहे. मी चालत गेले. तो एका मोटरसायकलचं चाक बसवत होता. मला बघून म्हणाला, ‘रिपोर्ट आला का? डेंगू हाय?’

‘न्हाई.’

‘न्हाई ना? मग बरं झालं की!’ त्याचा चेहरा असा उजळला सर, की मला पुढचं बोलता येईना. तो उठून हात पुसायला लागला, गॅरेजातल्या पोराला चहा सांगितला. आठवडाभर त्याला एकाच शब्दाची भीती होती आणि तो शब्द टळला होता. तो चहा आला, त्यानं कप माझ्या हातात दिला, तेव्हा मी सांगितलं. त्यानं परत खाली बसून त्या चाकाचा नट आवळायला घेतला. आवळून झालेला नट आवळतच राहिला. गिऱ्हाईक म्हणालं, ‘बास की बे, मोडशील.’

इथं आल्यावर पाठीच्या खालच्या हाडातून मज्जा काढून तपासली. नाव पक्कं झालं. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कच्च्याच राहतात तो कॅन्सर, लहान मुलांत होतो तो, पुष्कळ मुलं बरी होतात तो. डॉक्टरांनी ‘पुष्कळ’ म्हटलं आणि माझ्या कानाला फक्त उरलेली, बरी न होणारी मुलं ऐकू आली. औषधं सुरू झाली. केस गेले. बिंबिका इतक्या उतरायच्या की नाकातून आपोआप रक्त यायचं. मग नवऱ्याच्या ओळखीचे मेकॅनिक, फळवाले गेवराईहून, बीडहून जीप करून आले. यंत्र एका हातातून रक्त घेतं, फिरवून त्यातल्या बिंबिका काढून घेतं आणि बाकीचं रक्त परत शरीरात सोडतं. एक जाडजूड गडी खुर्चीत बसताच पांढरा पडला. बाकीचे त्याला म्हणत होते, ‘बे, ट्रकचं इंजिन खोलतो अन् सुईला भेतो?’ तो डोळे गच्च मिटून म्हणाला, ‘इंजिनातून माजं रगत निगत न्हाई बे.’ पिशवीत पिवळसर, गढूळ पाणी जमत गेलं. माझ्या पोरीच्या नाकातलं रक्त संध्याकाळी थांबलं. त्या माणसाचं मी काय देणं लागते, ते मला कळत नाही.

माझे वडीलही आले. फेटा बांधून, धोतर स्वच्छ करून. रक्तपेढीच्या मुलीसमोर उभे राहिले आणि बाही वर सारली. ‘घ्या. नातीला द्या. समदं घ्या.’ मुलीनं वय विचारलं आणि अदबीनं सांगितलं, ‘बाबा, तुमच्या वयाला घेता येत नाही.’ ते म्हणाले, ‘आगं, अजून डोंगर चढतो मी मेंढरामागं. बग की हात.’ तिनं पुन्हा नाही म्हटलं. ते बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले. बाही तशीच वर. त्यांच्या शिरा दोरासारख्या, कुणीही डोळे मिटून सुई घालावी अशा. त्यांनी हाताकडं बघितलं. मग म्हणाले, ‘मग काय कामाचं हाय हे रगत? कुणासाठी फिरायलंय?’

लेकीनं विचारलंच. मी तिला डब्यातलं भरवत होते. ‘मम्मी, माझं रक्त खराब झालंय का?’ मी म्हटलं, खराब नाही गं, रक्त हाडांच्या आत तयार होतं, तिथून कच्चाच माल बाहेर पडायलाय, डॉक्टर तो कारखाना साफ करायलेत. तिला ते पटलं. दोन घास खाल्ले. मग म्हणाली, ‘मी मरणार का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ कुठलीही स्लाइड न बघता. सर, तुम्ही आतून ऐकलं असतं तर मला समोर उभं केलं असतंत, आणि मी पहिल्यांदाच तुमच्यावर ओरडले असते.

मानेच्या गाठी पहिल्या पंधरवड्यात उतरल्या. मला तेवढ्यानं आशा आली. तुमच्याकडे एक बाई यायची, स्तनाचं ऑपरेशन झालेली, काखेतल्या गाठी काढल्यामुळे तिचा हात उशीसारखा सुजायचा. ‘रगत साचलंय का?’ ती विचारायची. तुम्ही तिला पाटीवर खडूनं काढून दाखवलं होतं. केसाहून बारीक नळ्यांतून रक्तातलं पाणी बाहेर पाझरतं, पेशींना भिजवतं, खाऊ घालतं. त्यातलं बरंच रक्तात परत शिरतं. जे मागे राहतं ती लसिका, ती लसिकेच्या नळ्या गोळा करतात, गाठींमधून गाळून घेतात आणि गळ्याखाली, हासळीच्या हाडामागच्या शिरेत नेऊन ओततात. ‘रक्ताला ढकलायला दिल हाय,’ तुम्ही म्हणालात. ‘लसिकेला कुणी न्हाई. माणूस चाललं, हललं, श्वास घेतला, तर ती चालती.’ त्या बाईला तुम्ही हात हलवायला सांगायचात. हे माझ्या डोक्यात असं बसलं की मी पोरीला वॉर्डात फिरवायला लागले. ती थकली की बसवून तिचे पाय घोट्यातून वरखाली करायचे. त्यानं कॅन्सर जात नाही, हे मला कळतं. पण सलाइन डॉक्टरांचं, औषध डॉक्टरांचं. माझ्या हाताला काहीतरी काम हवं होतं.

मग तो ताप आला. औषधानं वाईट पेशींबरोबर चांगल्याही मेल्या होत्या, अंगात लढायला कुणी उरलं नव्हतं. थंडी वाजून दात वाजायला लागले, बीपी पडलं, हात बर्फ. सिस्टरला शीर सापडेना. एक हात झाला, दुसरा झाला. लेकीनं डोळे उघडून म्हटलं, ‘मम्मी, तू घे ना.’ सिस्टर बाजूला झाली. मी बोटानं बघितलं, सर. तुम्ही शिकवलं तसं. बोटाखाली काहीच नव्हतं. जी शीर मी तिच्या जन्मापासून ओळखते ती आत कुठेतरी पळून गेली होती. मी सुई घातली, चुकली. पुन्हा घातली, पुन्हा चुकली. आणि मी सुई इकडेतिकडे फिरवायला लागले, माझ्याच लेकराच्या हातात. ती ओरडलीही नाही, तेवढंही बळ नव्हतं. एका तरुण डॉक्टरणीनं माझ्या खांद्याला धरून मला मागे ओढलं आणि गळ्याच्या मोठ्या शिरेत नळी टाकली. ‘ताई, तुम्ही बाहेर थांबा. आता तुम्ही फक्त आई.’ फक्त आई होऊन मी बाहेर जिन्यावर बसले. आयुष्यात इतकं निरुपयोगी मला कधी वाटलं नव्हतं.

ती वाचली. हळूहळू ताप उतरला, पांढऱ्या पेशी वर यायला लागल्या, तिनं भाकरी मागितली, नवरा वेड्यासारखा भाकरी शोधत शहरभर फिरला. मग पुन्हा मज्जा तपासली. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, ‘हवं तेवढं साफ झालेलं नाही. थोड्या पेशी राहिल्यात. आता याहून कडक औषध द्यावं लागेल.’ नवऱ्यानं विचारलं, ‘थोड्या म्हणजे?’ आणि माझ्याकडे बघितलं, जणू मला मोजता येतील. थोड्या म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्या किती लवकर जास्त होतात तेही. तो मात्र अजून ‘थोड्या’ हा शब्द धरून बसलाय, आणि मी त्याच्या हातातून तो काढून घेतलेला नाही.

तेव्हापासून मला तुमचा राग येतो. तुम्ही मला बघायला शिकवलंत. बघितल्यावर काय करायचं ते कावून शिकवलं नाही? इतर आया रिपोर्ट हातात धरून विचारत फिरतात, ‘चांगलं हाय का?’ आणि कुणी हो म्हटलं की जेवतात. मला कागद वाचता येतो. मला जेवण जात नाही. आणि तुम्ही तरी काय केलंत? बीडजवळच्या पालीला धरणाच्या कडेनं रोज सकाळी चालायचात, छातीत दुखलं तर ‘गॅस झालाय’ म्हणून परत आलात आणि लॅब उघडलीत. अख्ख्या जिल्ह्याच्या रक्ताची फिकीर, आणि स्वतःच्या दिलाला रक्त पोचवणारी एवढीशी नळी बंद पडत होती, तिची नाही. तुम्ही गेल्याचं तुमच्या बायकोनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी बाळंतीण होते, ही पोर मांडीवर होती. मला येता आलं नाही. आज तुम्ही असता तर म्हातारे असता, डोळे गेले असते कदाचित, पण मी स्लाइड घेऊन आले असते आणि तुम्हाला म्हटलं असतं, एकदा खोटं बोला.

कडक औषधाचा हा दुसरा हप्ता चालू आहे. तोंडात फोड आलेत, पाणी पिताना ती रडते. तपासणी पुढच्या आठवड्यात. त्यावर पुढचं सगळं.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, आणि घडी घालून ठेवणारही नाही. लिहून झालं की फाडणार आहे. कारण एक गोष्ट आहे. आज सकाळी शेजारच्या कॉटवरचा मुलगा घरी गेला. त्याचं औषध संपलं, रिपोर्ट साफ आला. त्याची आई मोठी भली बाई, माझ्या लेकीचं अंथरूण तिनं कितीदा बदललंय. ती वॉर्डभर पेढे वाटत आली. मला मिठी मारली, म्हणाली, ‘ताई, आता तुमचाच नंबर.’ मी हसले. पेढा घेतला. आणि तिच्या खांद्यावर हनुवटी असताना माझ्या मनात आलं, तुझ्या पोराचा रिपोर्ट चुकीचा निघावा. एक क्षणच. पण नीट, पूर्ण वाक्य होऊन आलं. तो मुलगा दारातून माझ्या लेकीला हात हलवत होता, आणि तीही उशीवरून त्याला हात हलवत होती.